नवा पासवर्ड

हातात एक स्क्रू उरला होता. बारीक, काळपट, डोकं झिजलेला – आणि तो कुठून निघाला हे बळीरामला आठवत नव्हतं. सीपीयूचं झाकण बसलं होतं, हार्ड डिस्क घट्ट होती, पंखा फिरत होता... उरतो एखादा, त्यानं स्वतःला समजावलं. वणीच्या खाणीत तो वजनकाट्यावर होता. ट्रकांची रांग लागलेली असताना संगणक बंद पडला की तोच उघडून बसायचा, आणि तेव्हाही स्क्रू उरायचे. तेव्हा ते हसण्यावारी जायचं. आता त्यानं पटकन तो खिशात टाकला – बायकोनं, सत्यशीलानं, पाहू नये म्हणून.

संगणक मुलीचा, मैत्रेयीचा, तिच्या कॉलेजच्या दिवसांतला. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि तो पलंगाखाली गेला. सत्यशीला त्याला भंगारात देणार होती, बळीरामनंच थांबवलं. याचा घरातला सर्व्हर करू, म्हणाला. सगळे फोटो, मैत्रेयीच्या लग्नाचा व्हिडिओ, विहारातल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग याच्यात राहतील आणि रिमोट दाबला की टीव्हीवर दिसतील, नेट असो नसो. हे खरंच होतं, पण सगळं नव्हतं. हे आपल्याला अजून जमतं का... तेवढंच त्याला पाहायचं होतं.

थोरल्या भावाचं विसरणं घराच्या किल्ल्यांपासून सुरू झालं. मग रस्ते. मग एका दुपारी त्यानं पाण्याचा पेला घेऊन आलेल्या वहिनीला विचारलं, "बाई, तुमी कोनाकडच्या?" – अगदी अदबीनं. वहिनी पेला ठेवून आत गेली. बळीराम तिथंच बसला होता. त्याला अजून आठवतो तो अदबीचा सूर. बाकी काही विसरलं तरी चालेल, पण तो सूर आपल्या तोंडी येऊ नये...

सकाळी पेन ड्राइव्हवरून नवी सिस्टिम टाकली होती, राउटरला वायर जोडली होती. आता टीव्ही लावला तर पडद्यावर पासवर्डची चौकट आली. रिकामी. आत एक उभी रेघ लुकलुकत होती. आपणच ठेवलाय तो, आज सकाळी, याच खुर्चीवर बसून – त्यानं आठवणीत मागे जाऊन पाहिलं, खुर्ची दिसली, चहाचा कप दिसला, खिडकीतलं ऊन दिसलं, आणि पासवर्डच्या जागी काहीच नव्हतं. विसरणं वेगळं, तिथं निदान काहीतरी होतं असं वाटत राहतं. इथं पुसलेलंसुद्धा दिसत नव्हतं. बोटांनी आपोआप काट्यावरचा जुना पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा तोच टाकला.

"काहून थांबले?" सत्यशीलानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. मशीन जुनी हाये, टाइम घेऊन राह्यली."

भांड्यांचा आवाज थांबला.

"मैत्रेयीचं नाव न् तिच्या जन्माचं साल टाकलं का?"

त्यानं मान वळवली. ती दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत.

"तुले कसं माहीत?"

"तुमीच त सांगतलं सकाळी," ती म्हणाली, आणि जराशानं, "दोनदा."

त्याला एकदाही सांगितलेलं आठवत नव्हतं. त्यानं मुलीचं नाव टाकलं, साल टाकलं. चौकट गेली आणि पडदा फोटोंनी भरला – लग्नाचा मांडव, पांढऱ्या साडीतली मैत्रेयी, जेवणाच्या पंगती. जमलं होतं. सगळं जमलं होतं. सत्यशीला येऊन त्याच्या शेजारी बसली.

एका फोटोवर ती म्हणाली, "हा कोन हाये, सांगा बरं."

जाड मिशांचा माणूस. त्याचं हसणं बळीरामला ऐकू आलं, डब्यातल्या ठेच्याचा वास आला, पाळी संपल्यावर दोघं एकाच मोटारसायकलवर... नाव मात्र येईना. येईना. आणि मग आलं.

"लखीराम. काट्यावरचा."

"हव," ती म्हणाली, आणि तिनं कोंडलेला श्वास सोडला.

तो श्वास त्यानं ऐकला. म्हणजे फोटो पाहता पाहता सहज विचारलेलं नव्हतं हे. मग काल भाजी कोणती केली होती, हे? पौर्णिमेला विहारात कोण बोललं होतं, हे? ती हसत विचारायची आणि तो हसत सांगायचा – कधीपासून? आणि त्यातली किती उत्तरं...

पुढचा फोटो आला. त्यात एक म्हातारी होती, लाल लुगड्यातली. या वेळी सत्यशीलानं विचारलं नाही. तो मात्र नाव शोधत होता.