पट्टा खराब असला तर बरं

"वहिनी, दादाशी लग्न ठरवताना तरी एवढी चौकशी केली होती का?" धाकट्या भावोजींनी विचारलं, आणि सायकलच्या दुकानाचा मालक काउंटरमागे खुसुखुसू हसला.

"नव्हती केली," मी म्हटलं. "म्हणून आता करतेय."

माझ्यापुढे काचेवर एक मनगटी घड्याळ, हँडलला लावायचं एक छोटं यंत्र आणि नाडी मोजायला छातीला बांधायचे दोन पट्टे मांडून ठेवले होते. मी एकेका खोक्याची मागची बाजू वाचत होते. माझा नवरा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नव्या सायकलींच्या चाकांवरून हात फिरवत उभा होता, जणू ही खरेदी दुसऱ्याच कुणासाठी चालली होती.

चार महिन्यांपूर्वी चढावर सायकल मारताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने उचलून दवाखान्यात आणलं म्हणून तो वाचला. आता रक्तवाहिनीत जाळी बसवली होती, गोळ्या चालू होत्या, आणि डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली होती. अट एकच: नाडी मिनिटाला सव्वाशेच्या वर जाता कामा नये. गेली की उतरायचं, बसायचं. ही अट ऐकून दोघा भावांनी एकमेकांना टाळी दिली. मला त्या रात्री झोप लागली नाही. झटका आला त्या दिवशीसुद्धा या माणसाला नुसती ॲसिडिटी वाटत होती. नाडी सव्वाशेच्या वर गेलीय हे त्याला कळणार कसं, आणि कळलं तरी तो उतरणार कशावरून?

म्हणून यंत्र. आणि यंत्राबरोबर धाकटे भावोजी. मित्रमंडळींत त्यांना 'इंजिन' म्हणत. पंचेचाळिशीतही जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढणारा माणूस. येत्या रविवारी दादाच्या मागे त्यांनी सायकल ठेवायची, आकडा वाढला की दादाला उतरवायचं, असं ठरलं होतं. ते बरोबर असणार या एका गोष्टीवर माझा होकार उभा होता.

"मॅडम, घड्याळच घ्या ना," मालक म्हणाला. "बांधलं की विसरा. झोपसुद्धा मोजतं."

"त्याची झोप मला ऐकू येते."

"वहिनी, दुकान बंद करायची वेळ आणणार तुम्ही यांच्यावर," भावोजी म्हणाले.

मी पट्ट्यांकडे वळले. "हा पट्टा हँडलवरच्या यंत्राला आकडा पाठवेल. पण त्याच वेळी मोबाईललाही पाठवेल का?"

मालकाने खोकं उलटंपालटं केलं. "हा एका वेळी एकालाच. हा दुसऱ्या कंपनीचा मात्र दोघांनाही. असं करा, सगळंच घेऊन जा. आठवडाभर वापरून बघा, नको ते परत आणा. तुम्ही काही घेऊन पळून जाणार नाही."

मी मापयंत्रं तपासते. कारखान्यांमधले तराजू, तापमापक, दाबमापक आमच्या प्रयोगशाळेत येतात, आणि कोण किती खोटं बोलतंय ते मी लिहून देते. त्यामुळे घरी आल्यावर मी जे केलं त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मागचं चाक अडकवून जागच्या जागी पॅडल मारता येईल असा एक स्टँड भावोजींकडे होता. तो दिवाणखान्यात मांडला, त्यावर सायकल चढवली. पाय किती भरभर चालतात ते कळावं म्हणून पॅडलच्या दांड्याला एक सेन्सर लावला, मागच्या चाकाला एक. नवऱ्याला बसवलं आणि त्याच्या मनगटावर बोट ठेवून मी स्वतः ठोके मोजायला लागले.

घड्याळ पहिल्याच फेरीत बाद झालं. तो जसजसे पाय भरभर चालवी तसतसा घड्याळावरचा आकडा चढे, पण बोटाखालची नाडी तेवढी चढलेली नसे. घड्याळ त्याचं हृदय सोडून त्याचे पाय मोजत होतं. दोन्ही पट्टे मात्र माझ्या बोटाशी जुळले. ओला करून बांधला की एखाद्या ठोक्याचा फरक, तोही माझाच असेल.

"झालं की मग," नवरा घाम पुसत म्हणाला. "दोघांना आकडा देणारा ठेव, दुसरा परत कर."

"अजून वरचे आकडे बघायचेत. जिथे धोका आहे तिथेच पट्टा चुकला तर काय करू? पण तुला तिथवर नेता येणार नाही. धडधाकट माणूस हवा."

"बोलावलंत?" भावोजी शर्टाच्या बाह्या सरसावत पुढे आले.

त्यांनी पट्टा बांधला आणि जोर लावला. शंभर, एकशे वीस, एकशे चाळीस. मी मानेवर बोट ठेवून मध्येमध्ये पडताळत होते, सगळं जुळत होतं. मी पाणी प्यायला वळले आणि परत पाहिलं तर हँडलवर दोनशे बारा.

चढत चढत नाही. एकदम. एकशे पन्नासच्या पुढे थेट दोनशे बारा.

"उडाला," भावोजी म्हणाले. ते पॅडल मारायचे थांबले होते, मान खाली घालून बसले होते. मी जवळ पोचेपर्यंत आकडा एकशे तीसवर आला होता.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचा पट्टा घसरला."

मी पट्टा धुतला, नीट ओला केला, बॅटरी बदलली. पुन्हा तेच झालं, वेगळ्या क्षणी, पण तसंच एका झटक्यात. दुसऱ्या कंपनीचा पट्टा बांधला. थोड्या वेळाने त्यावरही दोनशेच्या वरचा आकडा आला. मी दोन्ही पट्टे पिशवीत घालून दुकानात गेले.

"शर्ट फडफडला की होतं तसं," मालक म्हणाला. "नाहीतर पट्टा कोरडा असतो."

"घरात वारा नाही. पट्टा ओला आहे."

"मग हा घ्या तिसरा. नवाकोरा आहे, खोकंही उघडलेलं नाही."

तो घेऊन चालत घरी येताना मी कारणं मोजत होते. शर्ट नाही. बॅटरी नाही. नवऱ्याच्या छातीवर हेच पट्टे इमानदारीत चालतात. कामावर एखादं वजन तीन वेगवेगळ्या तराजूंवर सारखंच चुकीचं भरलं, तर आम्ही चौथा तराजू मागवत नाही. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. ते मनात पुरं होऊ नये म्हणून मी दुकानांच्या पाट्या वाचत चालले. पट्टा खराब असला तर बरं, हाही खराब असला तर बरं, असं माझं चाललं होतं. कुठल्याही यंत्रासाठी मी असं कधी मागितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी भावोजी आले. नवरा स्वयंपाकघरात चहा टाकत होता.

"आज दोन पट्टे एकदम बांधायचे," मी म्हटलं. "एकाचा आकडा हँडलवर येईल, दुसऱ्याचा मोबाईलवर."

"दोन-दोन? वहिनी, मी काय पार्सल आहे?"

पण ते सायकलवर बसायला उशीर लावत होते. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मला ते दिसलं.

मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तो तिथेच राहू दिला, नंतर आणू म्हटलं. ते पॅडल मारू लागले. मी मानेवर बोट ठेवलं.

"गळा दाबताय का?"

"गप्प बसा."

एकशे तीस. एकशे पंचेचाळीस. बोटाखाली ठोका ठसठशीत लागत होता, मोजता येत होता. आणि मग माझ्या बोटाखालीच तो तुटला. त्या जागी एक बारीक थरथर सुरू झाली, मुठीत धरलेल्या पाखरासारखी. मी मोजायला गेले आणि मला मोजता येईना. हँडलवर दोनशे चौदा होते.

भावोजींनी पाय थांबवले. माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"कधीपासून?" मी हळू आवाजात विचारलं.

"उतरलो की थांबतं."

"कधीपासून, भावोजी?"

"दादाच्या आधीपासून. मधूनमधून. एकदा बेसिनपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसलो. बस, तेवढंच."

"आणि डॉक्टर?"

"दादा आयसीयूत होता, तुम्ही बाकावर बसून होतात, तेव्हा मी काय सांगणार होतो, मलापण होतं म्हणून?" त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "त्याला सांगू नका. उद्या त्याला न्यायचंय. मी नाही गेलो तर तो एकटा जाईल, तुम्ही ओळखता त्याला. आणि हे ऐकून त्यालाच काही झालं तर?"

हीच भीती मलाही होती. आतल्या माणसाच्या हृदयावर मी चार महिने एवढासाही भार पडू दिला नव्हता. घरात कुणी आजारी असल्याची बातमीसुद्धा मी गाळून सांगत होते. आणि समोरच्या माणसाला मी धडधाकट म्हणून धरलं होतं. त्याच्याशी मी बाकी सगळं ताडून पाहत होते.

"उतरा आधी," मी म्हटलं.

ते उतरले, सोफ्यावर बसले. आकडा दोनशे अकरा. मी वाट पाहिली. दोनशे तेरा. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, रोखला, सोडला. मग हसायचा प्रयत्न केला. "येईल खाली. येतोच." दोनशे दहा. त्यांच्या वरच्या ओठावर घाम जमला होता आणि ओठांचा रंग उतरला होता.

नवरा दारात उभा होता. एका हातात माझा मोबाईल होता.

"इथे दोनशे नऊ दाखवतंय," तो म्हणाला. "हे माझं नाही. मी पट्टा लावलेला नाही."

त्याने भावाकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होते, त्याचा हात छातीकडे जातो का, तोंड पांढरं पडतं का. तसं काही झालं नाही. त्याने गॅस बंद करून येतो म्हणून आत पाऊल टाकलं, बंद केला, बाहेर आला आणि गाडीची किल्ली घेतली.

"ऊठ."

"दादा, पाच मिनिटं थांब, आपोआप..."

"गाढवा, ऊठ म्हणतो ना."

जिन्यात त्याने भावाला खांद्याखाली धरलं होतं. मी गाडी चालवते म्हटलं, तर म्हणाला, "तू त्याच्याजवळ बस. आकडा तुला वाचता येतो." मागच्या सीटवर मी मोबाईल मांडीवर धरून बसले. समोर एक दुरुस्त केलेलं हृदय गाडी चालवत होतं, बाजूला दुसरं मोडत होतं, आणि सिग्नल लाल होता. आरशात मला नवऱ्याच्या कपाळावरची शीर दिसत होती. मी आळीपाळीने ती शीर आणि तो आकडा बघत राहिले.

"तू रोज चाळीस किलोमीटर मारायचास," नवरा समोर बघतच म्हणाला. "असं होत असताना?"

"तू नाही का मारलेस? ॲसिडिटी होत असताना?"

"तोंड बंद ठेव. श्वास घे."

भावोजींनी डोळे मिटले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इतक्या वर्षांत या माणसाने मला चेष्टेशिवाय हाक मारली नव्हती.

"वहिनी. किती?"

मोबाईलवर दोनशे आठ होते.

"एकशे चाळीस," मी म्हटलं. "उतरतोय."

न वाचलेला आकडा मी आजवर कुठेही लिहिला नव्हता, सांगितला नव्हता. त्यांनी मान हलवली. आरशात नवऱ्याची नजर माझ्याकडे आली. त्याला माझा आवाज कळतो. त्याने गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्याच्या दारात परिचारिकेने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. "दोनशे आठ. घरी दोन वेगळ्या सेन्सरवर दोनशेच्या वरच होता. एकदम सुरू झाला, उतरल्यावरही थांबलेला नाही." भावोजींनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, पण तोवर त्यांना आडवं करून आत नेऊ लागले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं मोजकं. छातीवरचे माझे पट्टे काढून त्यांनी आपल्या तारा लावल्या. पडद्यावर सुयांच्या दाट रांगेसारखी रेघ धावू लागली. त्या एकदाच बघून म्हणाल्या, "हृदयात एक जादा वाट आहे. विजेचा संदेश तिथे गोल गोल फिरतोय. औषध देते. दिल्यावर हृदय क्षणभर थांबेल आणि मग स्वतःच्या चालीवर येईल. बघवत नसेल तर बाहेर थांबा."

आम्ही दोघंही हललो नाही. नवऱ्याने भावाच्या पायाचा अंगठा मुठीत धरला होता.

औषध शिरेत गेलं. भावोजी म्हणाले, "आई गं, बुडतोय..." आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली.

मी आयुष्यभर स्थिर रेघांची वाट पाहत आले आहे. यंत्र स्थिरावलं की आकडा लिहायचा. ती रेघ सरळ पुढे चालली होती, काठाला पोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि अजून सरळच होती. नवऱ्याच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं, आता दोघं, एकदमच. मी त्याचा दंड पकडला आणि पडद्यावरून नजर काढली नाही.

एक ठोका आला. मग मोठी फट. मग दुसरा. मग तिसरा, चौथा, सुटे सुटे, मोजता येण्यासारखे.

"ब्याण्णव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावोजींनी डोळे उघडले. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "मेलो होतो का?"

"थोडासा," नवरा म्हणाला, आणि खुर्चीवर बसून रडायला लागला. मी त्याच्या मनगटाकडे हात नेला. "मी ठीक आहे गं," तो म्हणाला, पण हात काढून घेतला नाही. त्याची नाडी एकशे अठरा होती. मी पुन्हा मोजली. तेवढीच.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ती जादा वाट आतून नळी घालून जाळता येते. बहुतेकांना पुन्हा त्रास होत नाही. तोवर सायकलला हात लावायचा नाही.

"आणि नंतर?" पलंगावरून प्रश्न आला.

"नंतर बघू."

"म्हणजे चालेल," भावोजी दादाला म्हणाले. दादाने रुमालाने नाक पुसता पुसता मान डोलावली. मी दोघांकडे बघत राहिले. ते जाणार होते. महिन्याने, दोन महिन्यांनी, एकामागे एक, त्याच रस्त्याने जाणार होते, आणि त्यांच्यातला कोण कुणाला सांभाळतोय हे आता मला सांगता येणार नव्हतं. माझी भीती जरासुद्धा कमी झाली नव्हती. ती आता दोघांसाठी होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मोठ्यांची मर्यादा सव्वाशे आहे. धाकट्यांची किती ठेवू?"

त्यांनी कागदावरून वर पाहिलं. "आधी आजचा दिवस तर जाऊ द्या, बाई."

मी मान हलवली आणि पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. नव्वद.