त्रिकोणाचं तोंड कोणाकडे

ओट्यावर गाडीची किल्ली खणकन आपटली आणि दुपारची शांतता मोडली. पाच वर्षांची बटण आत्ता कुठे झोपली होती. शर्टाच्या बटणासारखे गोल डोळे, म्हणून लेकीला पडलेलं हे नाव. आईनं ओठांवर बोट ठेवून मागं पाहिलं. ऐन ऑफिसच्या वेळेत नवरा दारात उभा, चेहरा उतरलेला.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही गं. टाकीच्या चौकात बेकरीची व्हॅन धडकली. मी आपला मोठ्या रस्त्यानं सरळ घरी येत होतो, हा खालच्या गल्लीतून न बघता बाहेर! मला आधी जाऊ द्यायला नको त्यानं?"

"तुला लागलं नाही ना?"

"मला काय होतंय! दार चेपलंय फक्त. आणि वर मलाच शिव्या घालून गेला."

ज्याची चूक, तोच शिव्या घालून गेला? तिच्या मनात पाल चुकचुकली. पण नवरा धडधाकट समोर उभा होता, तेव्हा तिनं आधी चहा टाकला.

संध्याकाळी कचरा टाकायचं निमित्त करून ती खाली गेली. चेपलं होतं डावीकडचं दार. तिनं दारावरून हात फिरवला आणि तशीच उभी राहिली. मोठ्या रस्त्यानं घरी येताना खालची गल्ली लागते उजव्या हाताला. डावीकडे पाणीपुरवठ्याची लांबच लांब भिंत. व्हॅन काय भिंत फोडून आली?

एरवी हे तिच्या लक्षातही आलं नसतं. पण गेला महिनाभर ती गाडी शिकत होती, आणि शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंची तऱ्हाच वेगळी. कुठलाही चौक आधी पायी फिरून बघायचा, मगच तिथं स्टिअरिंग हातात मिळणार. "उलटा त्रिकोण म्हणजे काय?" त्या विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. "थांबलंच पाहिजे असं नाही. पण मोठ्या रस्त्यावर कोणी येत असेल, तर त्याचा मान पहिला. त्रिकोणाचं तोंड तुमच्याकडे असेल तर नमतं तुम्ही घ्यायचं. पाठ दिसली तर समोरच्यानं."

जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "त्या चौकात पाटी नाही का रे?"

"आहे, पण काय उपयोग? लाल कड तेवढी दिसते. बाकी सगळा त्रिकोण फांदीमागं."

घास चावता चावता ती थांबली. लाल कड पाटीच्या तोंडाला असते. मोठ्या रस्त्यावरून दिसते ती नुसती करडी पाठ. तोंड दिसतं ते गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला.

म्हणजे गल्लीतून नवराच आला होता. आणि गल्लीत आहे काय? शेजारणीला विचारलं तर म्हणाली, एक दातांचा दवाखाना आणि एक नाचाचा क्लास. नवऱ्याचे दात तर ठणठणीत. राहिला नाचाचा क्लास! लग्नाच्या वरातीतही ज्याचा पाय हलला नव्हता, तो तिथं कोणासाठी जातो?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बटणचं बोट धरून ती चौकात गेली. मास्तरीणबाईंचा अभ्यास म्हणून, असं तिनं स्वतःलाही बजावलं. कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारी बाई बसली होती.

"काल इथं धडक झाली म्हणे?"

"निळी गाडी ना? रोज दुपारी येतो की तो. डबा घेऊन शेवटच्या घरात जातो. बाहेर पडताना रोज शहाण्यासारखा थांबतो हो. काल मात्र डोळे पुसत पुसत सरळ घुसला."

डबा! सकाळी घाईघाईत, एका काखेत बटणला धरून ती भरत होती तो डबा? चाटून पुसून परत येणारा?

शेवटच्या घराचं दार उघडंच होतं. उंबऱ्यात खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. अंगात तिच्या नवऱ्याचा हरवलेला राखाडी स्वेटर. लग्नानंतर तिनं त्यांना पाहिलंच नव्हतं, पण ते नाक तिनं कुठंही ओळखलं असतं.

"सूनबाई?" सासरे उठायला धडपडले. "आणि ही... एवढी मोठी झाली?"

बटण जन्मायच्या आधी बापलेकांचं बिनसलं होतं. त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही, अशी शपथ नवऱ्यानंच घातली होती, आणि तिनं ती पाळली होती.

"भाजीत मीठ बेतानं घालतेस, माझ्या औषधपाण्याला बरं पडतं ते," ते चाचरत म्हणाले. मीठ कमी कर, माझं ब्लडप्रेशर वाढलंय, असं नवऱ्यानं सांगितलं होतं खरं.

"काल तो रडत का गेला, बाबा?"

"मी झापलं. म्हटलं, चोरासारखा येऊ नकोस, घरी सांग. तर म्हणतो, कोणत्या तोंडानं सांगू? शपथ मीच घातली ना!" त्यांनी तिच्याकडे पाहून हात जोडल्यासारखे केले. "तू आली होतीस हे बोलू नकोस, पोरी. त्याचं त्याला सांगू दे. नाहीतर यायचाच बंद होईल."

तिला हसू आलं, रडूही आलं, आणि रागही होताच. नाचणारी कोणी नव्हती. पण तोंडावर धडधडीत खोटं तर बोललाच होता, आणि त्या बिचाऱ्या व्हॅनवाल्यावर ढकलूनही मोकळा झाला होता.

निघताना बटणनं आजोबांचा गालगुच्चा घेतला. गल्लीच्या तोंडाशी मायलेकी गाड्या जायची वाट बघत उभ्या राहिल्या. बटणनं तिचा पदर ओढला.

"आई, कुठं गेला होतात असं बाबांनी विचारलं, तर मी काय सांगू?"