आमच्या तांड्यात ममता नाही

संजय राठोडने समाजसेवा सुरू केली, त्याला गेल्या दिवाळीत दोन वर्षं झाली. त्याआधी तो दारव्हा ते नेर जीप चालवत असे. अजूनही चालवतो, पण नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा बसवणं हा आता त्याचा जोडधंदा आहे. मुख्य काम फेसबुकवरचं पान. नाव, 'साधी गाडी, सावध भाऊ'. पोलिसांच्या ज्या गाड्यांवर पट्टा नाही, दिवा नाही, 'पोलीस' हा शब्द नाही, त्यांचे फोटो नंबरसकट तिथे टाकायचे. म्हणजे मग जनतेची फसवणूक होत नाही.

चौदा हजार माणसं हे पान बघतात. त्यातली जनता किती आणि बाकीचे किती, हे संजयने कधी मोजलं नाही. पहिल्याच महिन्यात 'धन्यवाद भाऊ, वाचलो' असं हात जोडून लिहिणारा गृहस्थ पुढे कळंबकडे बोकडं चोरताना सापडला. त्याच्या टेम्पोत तांड्यातली दोन बोकडं होती, त्यातलं एक संजयच्याच घरचं. संजयने राग धरला नाही. एवढ्या मोठ्या कामात एखादं बोकड जायचंच.

साधी गाडी ओळखण्याचा त्याचा अभ्यास दांडगा. सीटच्या पाठीला पांढरा टॉवेल. आतल्या माणसांचे केस बारीक आणि पोटं मोठी. गाडी टपरीपुढे थांबली की माणूस चहाकडे जात नाही, चहा माणसाकडे येतो. हे ज्ञान तो फुकट वाटायचा. आपलं नाव मात्र त्याने पानावर कुठे लिहिलं नव्हतं. जनतेसाठी तो फक्त 'भाऊ' होता. शौर्याला इतपत काळजी घ्यावीच लागते.

अशा माणसाच्या घरात धाकटी बहीण पोलीस भरतीत पास झाली. ममता दोन वर्षं रोज सकाळी तांड्याच्या रस्त्यावर पळत होती, तेव्हा कुठे यादीत नाव लागलं. आता राहिली होती चारित्र्य पडताळणी. ठाण्यातून माणूस येणार, पोरगी इथलीच आहे, भली आहे, असं गावातल्या दोघांकडून लिहून घेणार, की काम झालं.

"भिया, ते पान बंद कर," ममता भावाला म्हणाली. "उद्या मीच त्या गाडीत बसून राहीन."

"मंग तुया गाडीचा फोटो चांगला काढीन," संजय म्हणाला, आणि त्याच आठवड्यात त्याने नवी पांढरी गाडी जाहीर केली. सोबत सूचना. एक, कोणाचंही नाव विचारलं तर सांगू नका. दोन, ते गोड कारण सांगतात, घरकुल, पासपोर्ट, भरती, भुलू नका. तीन, शेअर करा.

रविवारी सकाळी हवालदार बाबाराव तांड्यात आले. ठाण्याची जीप अकरा दिवसांपासून गॅरेजात होती, म्हणून पांढऱ्या गाडीतून आले. रविवार म्हणून अंगात चौकड्यांचा शर्ट. ममताचा कागद सोमवारी सकाळी यवतमाळला पोचायला हवा होता, नाहीतर तिच्या जागी प्रतीक्षा यादीतलं पुढचं नाव जाणार होतं.

तांड्यात परक्या माणसाने आधी नाईकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे जायचं, ही रीत बाबारावांना ठाऊक होती. ते थेट डोंगरसिंग नाईकांच्या अंगणात गेले.

"राम राम नाईक. ममता खेमसिंग राठोड इथलीच ना?"

नाईकांनी गाडी पाहिली. टॉवेल पाहिला. मोबाइल काढून नंबर ताडून पाहिला. मग चष्मा पुसला.

"कोन ममता?"

"भरतीत लागली, ते. चौकशीले आलो."

भरती. दुसरी सूचना नाईकांना पाठ होती.

"आमच्या तांड्यात ममता नाही."

आता रीत अशी, की नाईकाने परक्याला एकदा उत्तर दिलं की तेच साऱ्या तांड्याचं उत्तर. ते मोडायची कोणाची छाती नाही. बाबाराव सात घरं फिरले. सातही घरांत ममता नव्हती. आठव्या घरी खुद्द खेमसिंग, ममताचा बाप, बाजेवर बसला होता.

"राठोड तं सारेच हाय साहेब," तो म्हणाला. "ममता नाही."

मागे भिंतीवर गळ्यात पदक घातलेल्या पोरीचा फोटो होता. बाबारावांनी दारातल्या जमनीला, म्हणजे पोरीच्या आईला, विचारलं, "मंग हे कोन?"

जमनीने फोटोकडे पाहिलं, नाईकांच्या घराकडे पाहिलं.

"पाव्हन्याची," ती म्हणाली.

बाबारावांनी कागदावर लिहिलं, 'सदर नावाची मुलगी या तांड्यात राहत नाही. नाईक व आठ घरांचा दुजोरा.' आणि गेले.

थोड्या वेळाने ममता पळण्याचा सराव आटोपून परत आली, त्याच सुमारास संजय सवाऱ्या घ्यायला जीप घेऊन आला. त्याला बातमी आधीच कळली होती.

"पाह्यलं? एकानंही नाव सांगतलं नाही! याले म्हन्ते पानाची ताकत!"

"कोनाचं नाव इचारत होता तो?" ममताने विचारलं.

जमनी खाली मान घालून म्हणाली, "तुयंच."

ममता मटकन बाजेवर बसली. "याडी, तो माह्या चौकशीचा मानूस होता! तू माय असून नाही म्हनलं?"

"नाईकानं नाही म्हनलं, मंग मी हो कशी म्हनू?"

संजयचं तोंड उतरलं. तरी त्याने घाईने पानावर लिहिलं, 'पांढऱ्या गाडीला सहकार्य करा. ती खरोखर भरतीच्या चौकशीला आली आहे.'

चौदा हजार माणसांना त्याने दोन वर्षं शिकवलं होतं. ती बरोबर शिकली होती. 'भरती म्हणे! सूचना दोन!' एकाने लिहिलं. दुसरा, 'भाऊचा मोबाइल पोलिसांच्या हाती लागला.' तिसरा, 'भाऊला मारून लिहून घेतलं. शेअर करा.' दहा मिनिटांत तीनशे जणांनी शेअर केलं. त्यातच एक फोटो आला. पांढरी गाडी फाट्यावर, धुरपताबाईच्या टपरीपुढे. चहा गाडीत गेला आहे.

"जीप काढ," ममता म्हणाली.

जीपमध्ये तोवर सतरा जण बसले होते आणि जायचं होतं पोलिसांच्या गाडीपुढे. संजय नुसता चावी चाळवत राहिला.

ममता त्याच्याकडे न बघता उठली आणि पळत सुटली. फाटा तीन किलोमीटर. बाबारावांचा दुसरा चहा संपायच्या आत ती खिडकीशी उभी होती.

"साहेब, मी ममता."

"सारा तांडा म्हन्ते तू नाही," बाबाराव म्हणाले.

तिने आधार कार्ड पुढे केलं. बाबारावांनी फोटो आणि घामाने निथळणारी पोरगी दोन्ही नीट पाहून घेतली. "कारड ठीक हाय. पन दोघांचं लिहून लागते. बस गाडीत."

ती बसली त्याचाही फोटो पानावर आला. 'निरपराध मुलीला उचललं.'

तांडा नाईकांच्या अंगणात जमला.

"काय नाईक, आता तरी हाय का ममता?"

नाईकांनी चष्मा पुसला. "तुमी इचारलं तवा नव्हती. पयाले गेलती. आता हाय."

"हाय, हाय," तांडा म्हणाला. नाईकांनी सही केली, खेमसिंगच्या शेजाऱ्याने अंगठा दिला. बाबारावांनी जुनी ओळ खोडली, पण पेन खिशात ठेवलं नाही.

"आनखी एक. हे 'साधी गाडी'चं पान कोन चालवते? साहेब शोधून राह्यले. पोरीच्या घरचा असन, तं मले कागदावर लिहा लागन."

सारा तांडा नाईकांकडे बघू लागला. ममताने डोळे मिटले.

"आमच्या तांड्यात असा कोनी नाही," नाईक म्हणाले.

बाबाराव जमनीकडे वळले. "तुमाले पोरगा हाय का बाई?"

जमनीने जीपजवळ उभ्या संजयकडे पाहिलं. या खेपेला तिने नाईकांच्या घराकडे पाहिलं नाही.

"मले एकच पोरगी."

"मंग तो कोन?"

"पाव्हन्याचा."

"काय रे," बाबारावांनी हाक मारली, "कोनाचा तू?"

चौदा हजार माणसांच्या भाऊने हात जोडले.

"इथला नाही साहेब. सवारी घ्याले आलो."

बाबारावांनी जीपमधल्या सवाऱ्यांवर एक नजर टाकली, संजयवर जरा जास्त वेळ ठेवली, आणि 'एक मुलगी, इतर अपत्य नाही' असं लिहून पेन खिशात ठेवलं.

कागद सोमवारी पोचला. ममता प्रशिक्षणाला गेली. चौकशी झाली त्या रविवारी जमनीने संजयला ताट ओसरीवर दिलं, पाव्हण्याला देतात ते पितळेचं, आणि 'अजून घ्या' असं म्हणाली.

पानावर त्याला आता काही लिहिता येत नाही. तिथे रोज नवे लोक येतात आणि 'भाऊला सोडा' अशी मागणी करतात. सोडलेलं आहे, हे सांगायचं तर भाऊ कोण हे सांगावं लागेल.