माझी तक्रार भोपाळला जाऊन आली

मित्रांनो, मी एक जुनी हापशी आहे. मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याच्या पुढच्या एका गावात, पंचायतीच्या पुढ्यात मी उभी असते. उभी कसली, तळमळत असते! उन्हाळा लागताच माझी साखळी तुटली, दांडा लुळा पडला. ज्या दांड्याला दिवसभर उसंत नसे, त्याच्यावर आता लोक दुपट्टे वाळवतात. जमिनीखाली पाणी आहे, पण वर आणता येत नाही. मग चैन कशी पडेल?

समोरच्या बापूजींकडे तृप्ती ही नवी सून आली, काटोलची, म्हणजे महाराष्ट्रातली. शेतातल्या विहिरीवरून पाण्याचा गुंड, म्हणजे मोठी घागर, आणताना ती माझ्याजवळ दम खायची आणि विचारायची, हापशीसाठी इथं कोणाकडे जायचं?

"भोपाळले सांगा लागते," बापूजी म्हणाले. "मोठा साहेब बोलला का खालचे पयतात."

तिने भोपाळच्या सरकारी तक्रार क्रमांकावर फोन लावला. माझी तक्रार तिथून पांढुर्णा जिल्ह्याला आली. मग जनपद पंचायतीत, म्हणजे तिच्या माहेरच्या पंचायत समितीसारख्या कचेरीत, उतरली. आणि शेवटी पोचली माझ्या पाठीमागच्या ग्रामपंचायतीत! काखेत कळसा नि गावाला वळसा. मला हसू आलं आणि रागही आला.

ग्रामसभा भरली. सरपंच प्रकाशराव म्हणाले, "हापशी जुनी झाली. पाईप काढून टाकू."

तृप्ती ताडकन उठली.

"बाई, तुमचं नाव अजून काटोलच्या मतदार यादीत हाय," सरपंच म्हणाले. "इथं इथलेच मतदार बोलतात. कायदा हाय."

ती बसली. मग शेजारी बसलेल्या सासूकडे, जयवंताबाईंकडे वळली. "आई, तुमचं नाव त् हाय नं?"

"मी काहून बोलू वं? आजवर मले कोणी विचारलं नाई."

"विचारत नसतात, आई. आपणच उठा लागते."

जयवंताबाई उठल्या. "पाईप काढान, त् उद्यापासून माह्या सुनेचा गुंड तुमीच वाहा," त्या म्हणाल्या. "नाई त् हापशी दुरुस्त करा. ठरावात माह्यं नाव लिहा."

मागच्या बायांनी भराभर हात वर केले. ठराव झाला.

घरी जाताना जयवंताबाई माझ्या दांड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तृप्ती, तू त् यंदा आली. मी इतके वरसं या गावात नवीच राहिली वं."

मिस्त्री अजून आलेला नाही. रस्त्यावर गाडी वाजली की माझा जीव वरखाली होतो. पण मित्रांनो, तुमच्या गावची ग्रामसभा कधी असते, ते आज घरी विचारा. आईला सोबत न्या, आणि तिला मागे बसू देऊ नका.