ढगाला फिरवणारा माणूस

समोरून येणारा माणूस आधी थबकला, मग मागे सरकला आणि शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर चढून शटरला पाठ लावून उभा राहिला.

"बांधा की त्याला," तो म्हणाला.

कुत्रा बांधलेलाच होता. पट्ट्याचे वेढे कवळीवाल्यांच्या मनगटावर होते आणि कुत्र्याचं लक्ष भलतीकडेच, धुक्यात विरघळत चाललेल्या दिव्याच्या खांबाकडे होतं. पण त्याचं डोकं माणसाच्या छातीपर्यंत यायचं, आणि एवढ्या जनावराचं लक्ष कुठे आहे हे बघत बसायला कुणाला सवड नसते. कवळीवाल्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं, मान खाली घातली आणि कुत्र्याला भिंतीच्या कडेने पुढे नेलं.

"कुत्रं घोड्याएवढं आणि मालक मुका," मागून आवाज आला.

मुके ते नव्हते. घरातलं बोलायचं खातं बायकोकडे होतं, एवढंच. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत बसून ते कवळ्या बनवत, म्हणून सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. प्लास्टरच्या साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा, थोडा वाकडा करायचा, म्हणजे तो खरा वाटतो. या कामात बोलावं लागत नाही. ज्यांच्यासाठी दात करायचे ती माणसंही दिसत नाहीत, दिसतात ते त्यांचे जबडे. बाकीचं जग बायको सांभाळायची. शेजाऱ्यांची विचारपूस, दुकानदारांशी हुज्जत, नातेवाइकांचे फोन. कुत्राही तिनेच आणला होता, एका संध्याकाळी, स्वेटरच्या आत लपवून. ग्रेट डेनचं पिल्लू, भरून आलेल्या आभाळाच्या रंगाचं. "फार मोठा नाही व्हायचा हा," असं तिने बेधडक सांगितलं आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विश्वास ठेवला. तिने त्याचं नाव ठेवलं ढग. बघता बघता ढगाने बाहेरची अर्धी खोली व्यापली.

सकाळी त्याला फिरवायला तीच न्यायची. समोरून कुणी बिचकलं की लांबूनच म्हणायची, "अहो, या बिनधास्त, तोच तुम्हाला घाबरलाय." लोक हसायचे आणि हसता हसता जवळून निघून जायचे. रस्त्यावर ढगाची कुणाला भीती वाटते, हे कवळीवाल्यांना इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

हिवाळा सुरू होता होता साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मग पट्टा त्यांच्या हातात आला.

तेव्हापासून त्यांच्यासमोर रस्ता दुभंगायचा. बायका मुलांना कडेवर उचलून घ्यायच्या. गप्पा मारत येणारे दोघे एकदम गप्प होऊन पलीकडे जायचे. कुणी काठी वर करायचं. कवळीवाल्यांना वाटायचं, आपण कुणाच्या तरी भलत्याच स्वप्नात शिरल्यासारखे या रस्त्यावरून चाललो आहोत, आणि त्या स्वप्नात आपण राक्षस आहोत. आयुष्यभर ज्यांनी बसमध्ये उठून जागा दिली, रांगेत दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं, त्यांना बघून माणसं पायऱ्या चढत होती.

ते आणखी पहाटे निघू लागले. तळ्याच्या काठाकाठाने जाऊ लागले, तिथे धुकं दाट असे. पण धुक्यात उलटंच झालं. लांबून दिसायचा तो ढग आता एकदम हातभर अंतरावर उगवायचा, आणि पहाटे पळायला येणारे एक गृहस्थ तर किंचाळून तळ्यात पडायचेच बाकी राहिले. मग कवळीवाले पुन्हा जुन्या वेळी, जुन्या रस्त्याने जाऊ लागले.

ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, भेटायला आली तेव्हा ढग दारातच आडवा पडला होता. ती त्याला ओलांडू शकेना, म्हणून दारातूनच बोलली.

"देऊन टाक कुणाला तरी. शेतावर वगैरे. तुला झेपतोय का हा?"

"झेपतोय."

"तुझी बायको होती तेव्हा ठीक होतं. तुला साधं 'सरका' म्हणता येत नाही. उद्या कुणी घाबरून पडलं-झडलं तर तू काय बोलणार आहेस?"

कवळीवाले काहीच बोलले नाहीत, आणि ताईने हात उडवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की हेच म्हणते आहे मी.

दुसऱ्या दिवशी कामाच्या खोलीत त्यांनी बोलायचा सराव केला. समोर फळीवर कवळ्यांची रांग आ वासून ऐकत होती. "घाबरू नका, तो काही करत नाही," ते कवळ्यांना म्हणाले. आवाज फार मोठा आला. पुन्हा म्हणाले, तर फार बारीक. दंतवैद्य दार ढकलून आत डोकावले आणि काही न विचारता परत गेले.

हे वाक्य पहिल्यांदा वापरलं ते लोकरवाल्या बाईंवर. कोपऱ्यावर त्यांचं लोकरीचं आणि बटणांचं दुकान होतं. रोज सकाळी त्या ते उघडायला यायच्या, आणि ढग दिसला की फुटपाथ सोडून पलीकडे जायच्या. ओरडायच्या नाहीत की काही बोलायच्या नाहीत. त्यांचा चेहरा तेवढा कागदासारखा व्हायचा. त्या दिवशी पलीकडे रस्ता खणून ठेवला होता. बाई ढग आणि खड्डा यांच्या मध्ये अडकल्या.

"घाबरू नका," कवळीवाले म्हणाले, "तो काही करत नाही."

"असं सगळेच सांगतात," बाई म्हणाल्या. "तो काय करतो ते मला नका सांगू. तुम्ही त्याला धरलंय का, तेवढं सांगा."

कवळीवाल्यांनी विचार केला. मग ढगाला भिंतीशी बसवलं, पट्टा आखूड केला, स्वतः मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "धरलंय. जा तुम्ही."

बाई गेल्या. जाताना श्वास रोखला होता त्यांनी. पुढे जाऊन वळल्या.

"लहानपणी कुत्रा वगैरे चावला होता का?" एवढं मोठं वाक्य आपण बोललो याचं कवळीवाल्यांनाच नवल वाटलं.

"नाही हो. काहीच झालेलं नाही. भीती आहे आपली, झालं."

त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाच 'तो काही करत नाही' असं सांगितलं नाही. समोर कुणी थबकलं की ढगाला भिंतीशी बसवायचं, मध्ये उभं राहायचं आणि म्हणायचं, "धरलंय. जा तुम्ही." माणसं जाऊ लागली. काही जण वर "थँक्यू" म्हणायचे. पळणारे गृहस्थ लांबूनच हात वर करून "आलो हो" अशी वर्दी द्यायला लागले. कोपऱ्यावरचा पाववाला ढगाच्या पाठीकडे बघून हवापाण्याच्या गप्पा मारायचा, आणि कवळीवाले त्याला उत्तरं द्यायचे. लोकरवाल्या बाई मात्र रस्ता ओलांडायच्या तो ओलांडायच्याच. पण पलीकडून आता विचारायच्या, "कसा आहे?" आणि कवळीवाले अलीकडून सांगायचे, "काल जेवला नाही नीट," किंवा "आज मजेत आहे." मध्ये रस्ता असायचा, धुकं असायचं, आणि दोघांचे आवाज त्यातून ये-जा करायचे.

एवढ्या मोठ्या कुत्र्यांना आयुष्य थोडंच मिळतं. ढगाचं तोंड पांढरं झालं, चाल मंदावली. लोक थबकायचे तसेच थबकायचे, कारण म्हातारा झाला तरी तो काही लहान झाला नव्हता.

एका सकाळी लोकरीच्या दुकानासमोर त्याचे मागचे पाय गेले. तो बसला, आणि उठायचं असतं हेच विसरल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. कवळीवाल्यांनी त्याच्या पोटाखाली हात घालून जोर लावला. तो हलला नाही. त्याचं वजन त्यांच्याहून जास्तच होतं. थोडी माणसं जमली, लांबवर, गोल करून. पाववाला होता, पळणारे गृहस्थ होते, दाराच्या आत लोकरवाल्या बाई होत्या. कुणी पुढे आलं नाही आणि कुणी गेलंही नाही. कवळीवाल्यांना अंधुक वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. नेहमी कुणीतरी बोलत असे. मग लक्षात आलं, की तो आवाज आता नाही.

"मला मदत लागेल," ते म्हणाले. "एकट्याने नाही उचलवत मला. तो दुखलं तर कण्हेल, चावणार नाही. डोक्याशी मी राहीन."

बाई आत गेल्या आणि एक जाड चादर घेऊन बाहेर आल्या. "शेपटीकडचं टोक मी धरते," त्या म्हणाल्या. "डोक्याकडचं नाही जमायचं मला."

चादरीची चार टोकं चौघांनी धरली आणि ढग जमिनीवरून उचलला गेला. सगळ्यांची पावलं आपोआप जुळली. चादरीच्या झोळीत ढग हलकेच झुलत होता आणि डोकं वर काढून आपला रोजचा रस्ता असा न चालता पुढे सरकताना बघत होता.

घराचा जिना अरुंद होता. वळणावर झोळी फिरवावी लागली, आणि फिरवताना ढग आतल्या आत वळून त्याचं डोकं बाईंच्या बाजूला आलं. टोक सोडायला मार्ग नव्हता. ढगाने आपली जड हनुवटी त्यांच्या मनगटावर टेकवली आणि सुस्कारा टाकला. बाई जागच्या जागी थांबल्या. सगळे थांबले. कवळीवाल्यांना त्यांचा कागदासारखा चेहरा दिसत होता.

"किती गरम आहे हो हा," बाई हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चला."

ढग त्यानंतर थोडेच दिवस राहिला. एका पहाटे झोपेतच गेला.

पुढच्या सकाळी कवळीवाले नेहमीच्या वेळी बाहेर पडले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला वजन नव्हतं, म्हणून तो खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. कोपऱ्यावर धुक्यातून लोकरवाल्या बाई येताना दिसल्या. त्यांनी सवयीने फुटपाथवरून एक पाय खाली टाकला. मग त्या थांबल्या, नीट बघितलं, आणि पाय पुन्हा वर घेतला.

जवळ आल्यावर त्या वळल्या आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागल्या. दुकान मागे राहिलं तरी त्या कवळीवाल्यांच्या डाव्या हाताला चालत राहिल्या, मध्ये ढग मावेल एवढी जागा सोडून.

"झोपेत फार पळायचा तो," कवळीवाले म्हणाले. "पाय हलवायचा."

"कुठे पळायचा?"

"ते नाही कधी कळलं."

समोरून सायकल ढकलत एक माणूस येत होता. दोघांमधली जागा सायकल जाण्याइतकी रुंद होती. त्याने ती पाहिली, पण तिच्यातून तो गेला नाही. सायकल घेऊन रस्त्यावर उतरला आणि बाजूने गेला.