कासवपुळणीवरचा कुकारा

फाल्गुन सरत आला की शेवरखोलच्या खाडीचं पाणी म्हातारं होतं. दिवसभर निळं-निळं मिरवलेलं ते पाणी कलत्या उन्हात आधी पितळी होतं, मग तांबूस, मग शिसवी. आणि अमावास्येच्या दिवशी ते असं काही मागं सरतं, असं काही मागं सरतं, की जणू समुद्रानं दोन्ही हातांनी आपलं लुगडं आवरून घेतलं.

मग उघडी पडते कासवपुळण.

रुपेरी पाठीची, ओल्या अंगाची, खाडीच्या ऐन मध्यावर पसरलेली कासवपुळण. लोक तिला वाळू म्हणतात, पण ती वाळू नव्हेच. ते कासव आहे. सात बेटं पाठीवरून वाहून दमलं, जरा अंग टाकतो म्हणालं, ते अजून झोपलंय. वर्षातून एकदा तेवढा श्वास घ्यायला वर येतं. एकदा म्हणे अख्खं वऱ्हाड त्याच्या पाठीवर जेवायला बसलं. पंगत उठेस्तोवर भरती आली, कासवानं बुडी मारली, आणि पुढच्या वर्षी ते वर आलं तेव्हा नवरीच्या कडेवर पोर होतं आणि आचारी अजून भात वाढत होता. खोटं वाटत असेल त्यानं तिथल्या कुर्ल्यांना विचारावं. कुर्ल्या तिरक्या चालतात, पण बोलतात सरळ.

शेवरखोल हे बेट. तीन अंगांनी खाडी, चौथ्या अंगाला समुद्र. ना पूल, ना रस्ता. येणंजाणं सगळं रघू तांडेलाच्या होडीनं.

आणि त्या खाडीचा एक कायदा, सरकारं जन्मायच्या आधीचा. पलीकडून येणाऱ्यानं काठावर उभं राहून कुकारा घालायचा, तोंडाशी तळहातांची ओंजळ धरून लांबच लांब कूऽऽ. अलीकडून कुणीतरी ओ द्यायचा. ओ आला तरच खाडीत पाऊल घालायचं. चिखल कुठं खोल झालाय, पाणी कुठून वळलंय, ते अलीकडच्यालाच दिसतं. ओ न ऐकता उतरलेला माणूस खाडीनं परत दिल्याचं कुणाच्या पणजोबानंही पाहिलेलं नाही.

घराघराचा कुकारा निराळा. कुणाचा घोगरा, कुणाचा तुटका, कुणाचा टिटवीसारखा टोचणारा. जयवंती खारविणीच्या घरचा कुकारा शेवटाला गिरकी घ्यायचा, पाण्यावरून उडता उडता पाकोळीनं पंख मुडपावा तशी. ती गिरकी तिच्या नवऱ्याची. तो दर्यात गेला, तेव्हा ती मुलाच्या गळ्यात राहिली.

मुलाचं नाव विश्राम. पण त्या घराला विश्राम कधीचाच उरला नव्हता.

जयवंतीच्या डोळ्यांत काचबिंदू होता. कडेकडेनं जग विझत आलं होतं. आधी माडांचे शेंडे गेले, मग पायाखालची वाट गेली, मग दारातली तुळस. आता उरली होती मधोमध एक आरशी, तळहातावर मावेल एवढी. शिबिराला बेटावर आलेले डॉक्टर म्हणाले होते, हीही जाईल. पुढच्या फाल्गुनात नसेल.

त्या आरशीत तिला एकच गोष्ट पाहायची होती. लेकाचा चेहरा. बाकी जग तिनं केव्हाच अंधाराला देऊन टाकलं होतं.

पण लेक खाडीपल्याड होता, अटींनी बांधलेला. तुरुंगातून सुटला तो अटींवर. दर सोमवारी ठाण्यात हजेरी. बाजारगावाबाहेर जायचं तर आधी विचारायचं: कुठं, कशाला, कुणाकडं, परत कधी. विचारल्याशिवाय एस.टी.त चढायचं नाही, जत्रेत मिसळायचं नाही, शाळेच्या रस्त्याला वळायचं नाही. सख्ख्या मावशीच्या मयताची परवानगी हातात पडली, तोवर मावशीची राख थंड झाली होती. आणि शेवरखोल? शेवरखोल तर नाहीच नाही.

‘‘खाडीच्या काठापर्यंत जा, वारा खा,’’ हवालदार म्हणाले होते. ‘‘पाण्याला अंगठा लागला की मागं फिरायचं. पाण्यापल्याड तुला गाव नाय.’’

आणि अट अन्यायाची नव्हती. जयवंतीलाही ते कळत होतं, आणि काळजातला काटा तोच होता.

सानिका तेव्हा फ्रॉकातली होती. शेजारच्या मंदाची पोर. विश्रामला काका म्हणायची. त्या एका शब्दाच्या भरवशावर ती त्याच्या होडीत बसली, आणि त्यानं त्या शब्दाचाच गळा दाबला. याहून अधिक सांगायला खाडीचीही जीभ उचलत नाही.

पोरगी बोलली. थरथरत बोलली, पण बोलली. गाव जयवंतीच्या दारात आलं, तेव्हा ती ओलेत्यानं वाघजाईच्या देवळात गेली, पायरीवर नारळ ठेवला आणि साऱ्या गावादेखत गाऱ्हाणं घातलं:

‘‘माझा पोरगा निर्मळ हाय. ती पोर लबाड बोलते. मी खोटी असेन तर आई वाघजाय, ह्या खाडीच्या पाण्यानं मला पेलू नये.’’

आईची ती आंधळी माया. डोळे तर तेव्हा धडधाकट होते.

विश्राम सुटला, आणि त्याचा पहिला फोन आला तो रडतच आला. ‘‘आये,’’ तो म्हणाला, ‘‘ती खरं बोललेली.’’

त्या दिवसापासून जयवंती होडीत बसली नाही. पाणी तिला पेलणार नव्हतं. तिनंच तसं मागून घेतलं होतं. देवळात जाऊन बोल उलटा घ्यावा, तर जीभ टाळूला चिकटायची. लेकाकडं जावं, तर पाणी जबडा उघडून बसलेलं. बेटावरची ती एकटी बाई आपल्याच शब्दांच्या बेटावर आणखी एकटी झाली. बटणांचा फोन कानाला लावून ती लेकाचा आवाज ऐकायची. पण आवाजाला गाल नसतो, आवाजाला कपाळ नसतं, आवाजाच्या डोक्यावरून हात फिरवता येत नाही.

रघू तांडेल मात्र खोडीशिवाय धक्का सोडायचा नाही. ‘‘काकी, बस ना होडीत. बुडालीस तर भाडं माफ.’’

‘‘मेल्या, माझ्याआधी तुझी होडी बुडेल,’’ जयवंती म्हणायची, आणि धक्क्याकडं पाठ करायची. ती पाठ हसत नसायची.

यंदाच्या फाल्गुनात फोनवर विश्रामचा आवाज कुजबुजला. ‘‘आये, हवालदार म्हणतात, पाणी लागलं की थांब. कासवपुळणीच्या दिवशी मधी पाणीच कुठं असतंय?’’

जयवंतीच्या छातीत काहीतरी लख्खकन उजळलं. खरंच की. त्या दिवशी खाडी खाडी नसते. पाणी नाही, तर लेकाची अट नाही. पाणी नाही, तर तिची आण नाही. कायद्याच्या आणि देवीच्या मधोमध, दोन्ही काठांच्या मधोमध, वर्षातून एका संध्याकाळी एक कासव वर येतं. कुणाच्या मालकीचं नसलेलं, कुणाच्या हुकमात नसलेलं.

‘‘ये,’’ ती म्हणाली. ‘‘पण कुकारा घाल. मी ओ दिल्याबिगर पाय टाकू नको.’’

अमावास्येची दुपार कलली. जयवंतीनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधली. मोगऱ्याचं तेल केसांना लावलं. म्हातारीनं, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखं. आणि काठी टेकत टेकत ती उतरली उघड्या खाडीत. चिखलातून, शेवाळातून, वाळूच्या सुरकुत्यांवरून. एक एक पाऊल चाचपत, एक एक पाऊल मोजत, कासवाच्या पाठीवर.

पश्चिमेला सूर्य तांब्याच्या घंगाळासारखा लटकला होता. वाळू ओली, वाळू गुलाबी, वाळू आरशासारखी. पलीकडचा काठ तिच्या डोळ्यांना नुसता करड्या धुराचा पट्टा. त्या पट्ट्यातून आता एक ठिपका निघेल, ठिपक्याचा माणूस होईल, माणसाचा मुलगा होईल. तिनं आरशी पुसावी तसे पदरानं डोळे पुसले.

आणि आरशीत आली एक पिवळी ओढणी.

वाळूत वाकलेली, कंबरेला खोचलेली, हातात रोवळी घेतलेली. बोटं वाळूत खुपसून तिसऱ्या, खाडीतले शिंपले, काढत होती कुणीतरी. एक एक शिंपला रोवळीत टाकताना टिक् टिक् वाजत होतं. जयवंती जवळ जाईपर्यंत ती बोटं थांबलीच नाहीत. थांबली, तेव्हा मान वर झाली.

सानिका.

गालावरचा बालपणाचा गोलवा गेलेला. ती फ्रॉकातली पोर कुठल्या कुठं बुडाली होती, आणि तिच्या जागी ही उंच, सडपातळ, वाऱ्याच्या दिशेनं सतत कान असलेली मुलगी उभी होती. हीही त्या दिवसानंतर होडीत बसली नव्हती. शाळा पलीकडं, म्हणून शाळा सुटली. बाजार पलीकडं, म्हणून बाजार सुटला. साऱ्या बेटावर पाण्याला भिणाऱ्या दोघीच. एक गुन्हेगाराची आई, आणि दुसरी ही.

‘‘काकी,’’ सानिका म्हणाली. किती वर्षांनी ती हाक. ‘‘पुळण आपल्याकडची ना?’’

जयवंतीच्या हातातली पुरचुंडी जड झाली.

‘‘पोलीसबाई म्हणाल्या होत्या, पाण्याच्या अलीकडं सगळं तुझं, तिथं तो येऊच शकत नाय. आज इथं पाणी दिसेना, म्हणून विचारते.’’ मुलगी थोडं हसली, आपल्याच भीतीला लाजल्यासारखं. ‘‘पहिल्यांदाच आले मी इतक्या लांब.’’ बोटं पुन्हा वाळूत गेली, टिक् टिक् सुरू झालं.

आणि तेवढ्यात आला कुकारा.

कूऽऽऽ.

करड्या धुरातून आला, गुलाबी वाळूवरून आला, तापलेल्या आभाळाखालून लांबत लांबत आला, आणि शेवटाला त्यानं गिरकी घेतली. पाकोळीची गिरकी. बापाची गिरकी. शेवरखोलात ती गिरकी ओळखणार नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं.

टिक् टिक् थांबलं.

सानिकाची बोटं वाळूत तशीच रुतून राहिली. ती किंचाळली नाही, पळाली नाही. फक्त तिचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. त्या एका क्षणात ती उंच मुलगी विरघळली आणि पिवळ्या ओढणीच्या आत पुन्हा एक फ्रॉक थरथरू लागला.

जयवंतीच्या गळ्यात ओ तयार होता. वर्षानुवर्षं तयार होता. पोटातून उठला, छातीतून चढला, जिभेवर येऊन बसला. नुसते ओठ उघडायचे होते. ओठ उघडले की ठिपका निघणार, ठिपक्याचा मुलगा होणार, त्याच्या गालावरून हात फिरणार, आरशी विझण्याआधी भरून जाणार. नुसते ओठ. नुसता एक ओ.

कूऽऽऽ. दुसऱ्यांदा. आता त्यात लहान पोराचा रडवेपणा होता. कधीकाळी ताप आला की तो असाच हाक मारायचा.

जयवंती फिरली. काठी रोवून, पलीकडच्या काठाच्या आणि पिवळ्या ओढणीच्या मधोमध उभी राहिली. पाठ मुलाकडं, तोंड मुलीकडं. म्हातारी ती केवढीशी. पण त्या वेळी कासवानंही पाठ उंचावली म्हणतात, आणि सानिकाला पलीकडचा काठ दिसेनासा झाला.

‘‘पुळण तुझी हाय,’’ जयवंती म्हणाली. ‘‘पाणी असो नायतर नसो.’’

मुलीनं वाळूत रुतलेली बोटं ओढून काढली.

‘‘देवळात मी खोटं बोललेले, पोरी.’’

‘‘ठाऊक हाय,’’ सानिका हळूच म्हणाली. ‘‘साऱ्या गावाला ठाऊक हाय. तू होडीत बसायची थांबलीस तेव्हाच कळलं.’’

कूऽऽऽ.

तिसरा कुकारा. गिरकी अर्ध्यावर तुटली.

जयवंतीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ओ दातांवर धडका देत होता, गाभण गाईसारखा हंबरत होता, बाहेर पडू दे म्हणत होता. तिनं तो गिळला. निखारा गिळावा तसा गिळला. डोळ्यांतून पाणी नाही, कानांतून, त्वचेतून, हाडांतून पाणी वाहत होतं.

पलीकडं ओ पोचला नाही. ओ आला नाही याचे त्या खाडीवर दोनच अर्थ: पाणी चढलंय, किंवा ओ देणारं माणूस उरलेलं नाही. पाणी चढलं नव्हतं.

धुराचा पट्टा धुराचाच राहिला. त्यातून ठिपका निघाला नाही.

मग समुद्रानं लुगडं सोडलं. पहिली लाट वाळूच्या सुरकुत्यांतून चोरपावलांनी आली, दुसरीनं चोरी सोडून दिली. ‘‘जा,’’ जयवंती म्हणाली. ‘‘पुढं हो. मी हाय मागं.’’ पिवळी ओढणी निघाली. आधी भरभर, मग सावकाश, मग भरल्या रोवळीनं जड. ती काठाला लागेपर्यंत म्हातारी तशीच उभी होती, धुराकडं पाठ करून, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. पाण्यानं तिला पेललं नाही. बुडवलंही नाही. नुसतं भिजवलं, जसं ते सगळ्यांनाच भिजवतं.

भाकरीची पुरचुंडी वाळूवरच राहिली. कुर्ल्या आल्या, तिरक्या तिरक्या, आणि खऱ्याखोट्याचा न्याय करावा तशा तिच्याभोवती गोल बसल्या.

सूर्य बुडाला. पितळ विझलं, तांबं विझलं, शिसव उरलं. जयवंतीच्या आरशीतही तेवढंच उरलं: एक पिवळी रेघ, घराच्या वाटेनं जाणारी.

आणि खाडीच्या मधोमध कासवानं एक दीर्घ श्वास घेतला, आणि ते उतरलं खाली, आपल्या काळ्याभोर झोपेत. पाठीवर दोन माणसांची पावलं घेऊन. एक थरथरलेली, एक रोवलेली. आणि तिसऱ्यासाठी राखलेली, कोरी, ओली, न उमटलेली वाळू.