लाल ठिपका, हिरवा ठिपका

आमची अंधारी खोली आता उरली नाही. तिथे संगणक बसलाय. तो मुकाट्याने ठिपके मोजतो, चहा मागत नाही, टोमणे मारत नाही. सोय झाली खरी, पण मला तिथे करमत नाही.

त्या खोलीत मी सरांच्या हाताखाली तयार झाले. काम होतं त्वचेतल्या लिंफोमाच्या, म्हणजे एका जातीच्या कॅन्सरच्या, गाठी तपासायचं. गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, पेशीतल्या दोन जनुकांना रंग लावायचा, एकाला लाल, दुसऱ्याला हिरवा, आणि अंधारात चमकणारे ठिपके सूक्ष्मदर्शकातून बघायचे. ठिपके सुटे असले तर ठीक. चिकटलेले असले तर जनुकं आपली जागा सोडून जोडली गेलेली. मग गाठ त्वचेतली नसून शरीराच्या आतून आली असावी, अशी शंका. "घरचं पोर की बाहेरचा पाहुणा, एवढंच ओळखायचं," सर म्हणायचे. घरच्याला बहुधा किरणोपचार पुरायचे. पाहुणा मात्र लांबणारं दुखणं घेऊन यायचा.

नियम एकच. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मोजून होईतो अवाक्षर काढायचं नाही. मेळ बसला नाही तर तिसऱ्याला बोलवायचं. त्याला आम्ही पंच म्हणायचो.

निवृत्तीनंतरही सर जुन्या काचा बघायला हौसेनं यायचे. त्यांच्या घरी गेले की काकू, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "ने बाई यांना, नाहीतर माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसतात." मग एकदा त्यांच्याच टकलावर गाठ आली. "चला, काहीतरी उगवलं," म्हणून सर हसले. काकू हसल्या नाहीत. गाठ लिंफोमाची निघाली. आता घरचं की पाहुणा, एवढाच प्रश्न होता.

काच माझ्याकडे आली आणि सरांनी हट्ट धरला, "दुसरा मोजणारा मीच." पेशंटनं स्वतःची काच वाचायची, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. पण त्यांना नाही म्हणायची माझी काय टाप!

आधी मी बसले. प्रत्येक पेशीत लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. मला ओरडावंसं वाटलं. जीभ चावून गप्प राहिले. मग सर बसले. बराच वेळ बसले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"चिकटलेत. सगळ्या पेशींत. घरी तूच सांग, मला जमायचं नाही."

"सर, सुटे आहेत."

"उगाच धीर देऊ नकोस."

शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंना पंच म्हणून बोलावलं. काच कुणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "चांगले सुटे आहेत की! यात वाद कसला?" म्हणून त्या निघूनही गेल्या.

खरं तर मी नाचायला हवं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे गाठ घरचीच," ते सावकाश म्हणाले. "डोळे मात्र गेले माझे."

मला रडू आलं. ज्यांनी मला बघायला शिकवलं, त्यांना मी काय सांगणार?

सरांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. कसे दिसतात ते सांग."

मी डोळे लावले आणि सांगू लागले. लाल इथे, हिरवा पार तिकडे, मधे ही एवढी जागा. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मी जरा थांबले की विचारायचे, "आणि पुढची पेशी?"